‘कुणाचा रे तू?’ : शिकागोच्या गल्ल्या मोजणारा समाजशास्त्रज्ञ

१९९५ च्या जून महिन्यात शिकागोच्या गल्ल्यांमधून एक मोठी गाडी फिरायला लागली. वेग ताशी जेमतेम पाच मैल. सकाळी धावायला निघालेला माणूसही सहज पुढे निघून जाईल इतका. डाव्या आणि उजव्या खिडकीशी एकेक व्हिडिओ कॅमेरा, शेजारी एकेक निरीक्षक. सकाळी सात ते संध्याकाळी सात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं चित्रण. नंतर प्रशिक्षित माणसांनी या फिती पाहून एकेका तुकड्यातलं दिसेल ते नोंदवलं. फुटक्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, भिंतींवरचं रंगकाम, टाकून दिलेल्या गाड्या, सुया, दारू पीत बसलेली माणसं. रस्त्यांचे असे २३ हजारांहून जास्त तुकडे मोजले गेले.

हा खटाटोप ज्यांच्या कामाचा कणा ठरला, ते समाजशास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट सॅम्पसन. १९५६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका या कारखानदारीच्या गावी जन्म, १९८३ मध्ये ऑल्बनीच्या विद्यापीठातून डॉक्टरेट, मग प्राध्यापकी : आधी इलिनॉय, १९९१ पासून शिकागो आणि २००३ पासून हार्वर्ड विद्यापीठात. एवढ्यात त्यांचा बायोडेटा संपतो. चाळीस वर्षं ज्या एका प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला, तो मात्र मोठा आहे. एखाद्या भागात मारामाऱ्या, लूटमार, खून जास्त होत असतील, तर त्याचं कारण तिथली माणसं की ती जागा?

शिकागोत या प्रश्नाला जुना इतिहास आहे. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन संशोधकांनी बालन्यायालयाच्या नोंदी घेऊन, पकडल्या गेलेल्या एकेका मुलाचं घर नकाशावर ठिपक्याने दाखवलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले असे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तर ठिपक्यांची दाटी साधारण त्याच भागांत दिसते. आणि त्या भागांतली माणसं तर दरम्यानच्या काळात बदलली होती! आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन, नंतर दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय. जो समाज तिथून बाहेर पडून बऱ्या भागात गेला, त्याच्या मुलांचे गुन्हे कमी झाले. जो नवा राहायला आला, त्याच्या मुलांचे वाढले. १९४२ साली हे काम पुस्तकरूपाने आलं. गुन्हेगारी ‘रक्तात’ असते म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर मला माहीत नाही.

सॅम्पसन यांनी हा धागा उचलला तो १९८० च्या दशकात. तेव्हा अमेरिकेत शहरी हिंसा म्हणजे कृष्णवर्णीयांचा प्रश्न असं समीकरण पक्कं झालं होतं. कुणी ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणे, तर कुणी पुरोगामी माणूस विषयच टाळे. सॅम्पसन यांनी टाळला नाही. दीडशेहून अधिक शहरांची आकडेवारी घेऊन १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं, की पुरुषांची बेकारी आणि त्यातून मोडणारी घरं यांचा हिंसेशी असलेला संबंध गोऱ्यांमध्ये आणि कृष्णवर्णीयांमध्ये सारखाच आहे. वेगळी आहे ती परिस्थिती, आणि तीही किती वेगळी! गोऱ्यांच्या वाट्याला आलेली सर्वांत वाईट शहरी परिस्थितीसुद्धा कृष्णवर्णीयांच्या सरासरी परिस्थितीपेक्षा बरी होती. म्हणजे समान परिस्थितीतल्या गोऱ्यांशी तुलना करायला अशी जागाच शहरात सापडत नाही. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांच्याबरोबर त्यांनी याचा पूर्ण सिद्धान्त मांडला.

याच काळात एक घबाड त्यांच्या हाती लागलं. त्यांचे सहकारी जॉन लॉब यांना हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडलेली खोकी सापडली होती. शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या दाम्पत्याने बोस्टनमधल्या हजार मुलांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली होती. पाचशे सुधारगृहात गेलेली, पाचशे तशाच गरीब भागांतली पण गुन्ह्यांपासून लांब राहिलेली. सगळी १९२४ ते १९३२ च्या दरम्यान जन्मलेली. दोघांनी ते कागद पुन्हा लावले, संगणकावर चढवले, आणि पुढे सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या त्यांतल्या ५२ जणांना शोधून काढून त्यांच्याशी बोलले. लग्न, बरी नोकरी, सैन्यातली भरती अशा वळणांवर अनेकांची गुन्हेगारी सुटली होती. बालपणावरून कुणाचं म्हातारपण सांगता येत नव्हतं. या कामासाठी २०११ मध्ये दोघांना गुन्हेशास्त्रातला स्टॉकहोम पुरस्कार मिळाला.

पण मला त्या खोक्यांमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती हजारच्या हजार मुलं गोरी होती. गरीब, दाटीवाटीच्या बोस्टनमधली, पुष्कळशी स्थलांतरितांची मुलं. चोऱ्या, घरफोड्या, मारामाऱ्या, दारू, सगळं त्यांच्या नावावर होतं. पन्नास वर्षांनी जे ‘एका वंशाचं लक्षण’ म्हणून टीव्हीवर दाखवलं जात होतं, ते आधी गोऱ्या पोरांनी करून झालं होतं.

आता परत शिकागोला. त्या गाडीच्या जोडीने १९९५ मध्येच एक सर्वेक्षणही झालं. शहराचे ३४३ भाग पाडले आणि ८,७८२ रहिवाशांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. ‘तुम्ही गुन्हा केलाय का’ असं कुणाला विचारायचं नव्हतं. प्रश्न शेजाऱ्यांबद्दलचे होते. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील, तर तुमचे शेजारी काही बोलतील का? पोरं भिंतीवर रंग फवारत असतील तर? एखादं मूल मोठ्या माणसाशी उर्मटपणे वागलं तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? जवळचं अग्निशमन केंद्र पैशांअभावी बंद व्हायला आलं तर? आणि पुढे : इथले लोक एकमेकांच्या मदतीला येतात का, त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो का?

हे प्रश्न वाचले आणि मला आमची आळी आठवली. सकाळी अकराला दप्तर घेऊन रेंगाळणाऱ्या पोराला तिथं कुणीही हटकायचं, “कुणाचा रे तू? शाळा नाही का आज?” हटकणाऱ्या बाईंचं आणि त्या पोराच्या आईचं फारसं जमत नसे, एवढंच काय, कधीकधी बोलणंही नसे. तरी त्या विचारायच्या, आणि आईलाही त्यात वावगं वाटायचं नाही.

सॅम्पसन नेमकं हेच मोजत होते. त्यांनी याला ‘कलेक्टिव्ह एफिकसी’ असं नाव दिलं. मराठीत मी त्याला वस्तीची धमक म्हणेन. एकमेकांवरचा भरवसा आणि वेळ पडली तर कुणीतरी पुढे होईल ही अपेक्षा, यांचं ते मिश्रण. १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टीफन रॉडनबुश आणि बालमानसोपचारतज्ज्ञ फेल्टन अर्ल्स यांच्यासह त्यांनी निष्कर्ष छापले. जिथे ही धमक जास्त, तिथे हिंसा कमी. गरिबी, वंश, आधीच्या वर्षांतली हिंसा हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. आणि गरिबी किंवा घरं बदलण्याचं प्रमाण यांचा हिंसेशी जो संबंध दिसतो, त्यातला मोठा वाटा या धमकेच्या वाटेने जातो असं आढळलं.

इथे एक गैरसमज पटकन होतो. ‘म्हणजे लोकांनीच एकी ठेवावी, दोष त्यांचाच’ असा अर्थ काढला जातो. अभ्यास तसं म्हणत नाही. ज्या भागातून कारखाना गेला, बँकेने कर्ज देणं थांबवलं, दर दोन वर्षांनी शेजारी बदलतो, तिथे कुणाच्या भरवशावर कुणी पुढे व्हायचं? दुसरं म्हणजे, ही धमक घट्ट मैत्रीतून येतेच असं नाही. काही गरीब भागांत नात्यागोत्याचं जाळं दाट असतं, तरी कोपऱ्यावरच्या टोळीपुढे कुणी बोलत नाही. उलट एकमेकांची नावं माहीत नसलेले शेजारीही प्रसंगी एकत्र उभे राहतात.

त्या चित्रफितींनी आणखी एक लोकप्रिय समजूत हलवली. फुटलेली खिडकी तशीच ठेवली की गुन्हे वाढतात, हा विचार १९८२ पासून गाजत होता आणि त्याच्या नावाने पोलीस किरकोळ कारणांवरून गरीब मुलांना उचलत होते. १९९९ मध्ये सॅम्पसन आणि रॉडनबुश यांनी दाखवलं की लूटमारीचा प्रकार सोडला तर रस्त्यावरची बकाली गुन्ह्याला थेट जन्म देते असं दिसत नाही. दोन्हींची मुळं एकाच जागी आहेत, एकवटलेल्या गरिबीत आणि खचलेल्या धमकेत.

त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००४ चा. कॅमेऱ्याला दिसलेली बकाली आणि लोकांना ‘वाटणारी’ बकाली त्यांनी शेजारी ठेवली. रस्ते सारखेच अस्वच्छ असले तरी जिथे कृष्णवर्णीय आणि गरीब जास्त, तिथे लोकांना घाण आणि बेशिस्त जास्त दिसत होती. गोऱ्यांनाच असं नव्हे, कृष्णवर्णीय रहिवाशांनाही. घर भाड्याने शोधताना “तो एरिया नको हो, तिथं फॅमिली लोक राहत नाहीत” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऐकताना वाटतं, एजंट जागेचं वर्णन करतोय. सॅम्पसन यांच्या पुढच्या कामात दिसलं की अशी सामूहिक नजर त्या भागाच्या नंतरच्या गरिबीशीही जोडलेली असते. ज्यांना जमतं ते निघून जातात, नवे येत नाहीत, आणि नाव खराब झालेली वस्ती खरोखरच खराब होत जाते.

आणि स्थलांतरित? तिथे तर सगळ्यांचेच अंदाज चुकले. २००५ मध्ये सॅम्पसन, जेफ्री मोरेनॉफ आणि रॉडनबुश यांनी शिकागोतल्या १८० भागांमधल्या ८ ते २५ वयोगटातल्या जवळपास ३,००० मुलामुलींचा १९९५ ते २००२ या काळातला अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक वर्तनाची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय तरुणांमध्ये ८५ टक्क्यांनी जास्त होती. पण त्या फरकातला ६० टक्क्यांहून मोठा वाटा आईवडील विवाहित होते का, कुटुंब कितव्या पिढीपासून अमेरिकेत आहे आणि घर कुठल्या भागात आहे, एवढ्यानेच उलगडला. लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये मात्र हे प्रमाण गोऱ्यांपेक्षाही १० टक्क्यांनी कमी भरलं. स्वतः परदेशातून आलेल्या मुलांमध्ये हिंसेची शक्यता तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे ज्यांचे आईवडीलही अमेरिकेतच जन्मले अशा मुलांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होती, स्थलांतरितांच्या तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये २२ टक्क्यांनी. म्हणजे कुटुंब जितकं ‘अमेरिकन’ होत गेलं, तितकी हिंसा वाढली. शिवाय स्थलांतरितांची संख्या जास्त असलेल्या भागात राहणाऱ्यांमध्येही हिंसा कमी आढळली.

इथे कृपा करून आपल्याकडून तिकडे गेलेली डॉक्टर-इंजिनियर मंडळी डोळ्यांसमोर आणू नका. हे बहुतांशी गरीब, कमी शिकलेले, पडेल ते काम करणारे मेक्सिकन होते. गरिबी असूनही हिंसा कमी, हा तिढा संशोधकांना आजही खुणावतो. जे घर सोडून निघतात ते मुळात कष्टाळू आणि जपून वागणारे असतात, हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर पिल्सन किंवा लिटल व्हिलेज या शिकागोतल्या मेक्सिकन वस्त्यांच्या रस्त्यांवर दिसतं. शिकागोची लोकवस्ती घटत असताना या भागांत घरं भरली, सव्विसाव्या रस्त्यावर दुकानं उघडली, संध्याकाळी फूटपाथवर माणसं दिसायला लागली. २००६ मध्ये सॅम्पसन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये याहून पुढची शक्यता मांडली. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्थलांतर भराभर वाढलं आणि त्याच काळात खुनाचं प्रमाण दर लाख लोकांमागे ९.८ वरून ५.५ पर्यंत उतरलं. या घसरणीला स्थलांतराचाही हातभार लागला असावा, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या दोन रेषा शेजारी ठेवून हे सिद्ध होत नाही, हे खरं. पण ‘स्थलांतरित वाढले की गुन्हे वाढतात’ हे विधान तर त्याच कसोटीवर साफ नापास होतं.

वस्ती माणसात कशी शिरते, तेही त्यांनी पुढे पाहिलं. २००८ च्या एका अभ्यासात अतिशय वंचित भागात राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलांची भाषिक क्षमता काही वर्षांनी सुमारे चार गुणांनी कमी भरली, म्हणजे शाळेचं एक वर्ष बुडाल्यासारखं. मग ॲलिक्स विंटर यांच्यासह २०१६ मध्ये शिकागोतल्या मुलांच्या रक्ताच्या दहा लाखांहून जास्त तपासण्या त्यांनी नकाशावर मांडल्या. जुन्या घरांच्या रंगातलं आणि धुळीतलं शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. १९९५ च्या सुमारास हे विष सर्वांत जास्त कुठे होतं? कृष्णवर्णीयांच्या भागांत. तिथलं लहान मूल वर्गात बसायच्या आधीच मागे पडलेलं होतं, आणि त्याचं कारण भिंतीवरून निघालेल्या पोपड्यांमध्ये होतं.

१९९५ मधली ती मुलं आता मोठी झाली आहेत आणि संशोधक अजून त्यांच्या मागावर आहेत. अलीकडच्या कामात सॅम्पसन आणि रोलंड नील यांनी त्यांच्या अटकेच्या नोंदी २०१८ पर्यंत पाहिल्या. १९८० च्या दशकात जन्मलेली आणि १९९० च्या मध्यावर जन्मलेली मुलं, शहर तेच, घरची परिस्थिती मिळतीजुळती. तरी मोठ्यांच्या अटका धाकट्यांपेक्षा बऱ्याच जास्त. लहानपणी ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा होता अशी १९८० च्या दशकातली मुलं, आणि ज्यांचा ताबा कमी होता अशी दहाएक वर्षांनी जन्मलेली मुलं, या दोघांच्या अटकेचं प्रमाण जवळपास सारखंच भरलं. शहाणं पोर जरा आधी जन्मलं, एवढंच.