क्रीडमूरचं कुरण आणि शिकाऱ्याची रायफल

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षं एक वाद सुरू आहे. एका बाजूला आजोबांच्या काळापासून घरात असलेली लाकडी दस्त्याची रायफल आणि तिची .३०-३०, .३०-०६ किंवा .२७० ची काडतुसं (ही नावं मुख्यतः नळीच्या मापावरून पडलेली). दुसऱ्या बाजूला जड नळीची, मोठी दुर्बीण चढवलेली नवी रायफल. तिचं सर्वांत गाजलेलं काडतूस म्हणजे ६.५ क्रीडमूर. जुने शिकारी म्हणतात, हरणाच्या जवळ जायला शिका. नवे म्हणतात, ६०० यार्डांवरून (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) नेम बसत असेल तर जवळ का जायचं? हा वाद नवा वाटतो, पण त्याची मुळं दीडशे वर्षं मागे जातात. काडतुसाचं नावच तिकडे बोट दाखवतं.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड कुटुंबाची शेतजमीन होती. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने तिथे १८७३ मध्ये नेमबाजीचं मैदान सुरू केलं आणि त्याला क्रीडमूर नाव पडलं. त्याच सुमारास ब्रिटनमधली मानाची एल्को ढाल जिंकलेल्या आयरिश नेमबाजांनी अमेरिकेला आव्हान दिलं. सप्टेंबर १८७४ मध्ये सामना झाला. प्रत्येक संघात सहा जण, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. एका आयरिश नेमबाजाची गोळी लक्ष्याच्या मधोमध बसली, पण शेजारच्याच्या लक्ष्यावर. त्याचे चार गुण गेले. शेवटची गोळी उरली तेव्हा आयर्लंडचे ९३१ आणि अमेरिकेचे ९३० होते. ती झाडायची होती कर्नल जॉन बोडाइन यांना, आणि नेमकी त्याच वेळी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून ते आडवे झाले आणि हजार यार्डांवर मधोमध गोळी घातली. ९३४ विरुद्ध ९३१.

ही गोष्ट एवढ्या तपशिलात सांगायचं कारण असं की हजार यार्डांची नेमबाजी ही आजची टूम नाही. धूर न करणारी दारू येण्याच्या आधी, काळ्या दारूवर, दुर्बिणीविना माणसं हे करत होती. पण त्या रायफली घेऊन कोणी हरणामागे जात नसे. मैदानावर अंतर मोजलेलं असे, वाऱ्याचा अंदाज घ्यायला निशाणं फडकत असत, आणि लक्ष्य जागचं हलत नसे. मैदानाची रायफल वेगळी आणि रानातली वेगळी, ही वाटणी तेव्हा सगळ्यांना मान्य होती. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ती टिकली.

रानातल्या रायफलीचा रस्ता दारूने बदलला. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू बनवली आणि दोन वर्षांत ती लेबेल रायफलीतून फ्रेंच सैन्यात पोचली. अमेरिकेत विंचेस्टरची १८९४ ची तरफेची रायफल आणि पाठोपाठ १८९५ मध्ये तिच्यासाठी आलेलं .३०-३० काडतूस ही तिथल्या साध्या शिकाऱ्यापर्यंत पोचलेली नवी दारू. ही रायफल पुढे सत्तर लाखांहून जास्त बनली. तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, थेट काडतूस पेटवणाऱ्या टोपीला टेकलेलं असतं. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने टोपी पेटायची भीती. म्हणून .३०-३० ची गोळी चपट्या तोंडाची. चपटं तोंड हवा कापत नाही, ढकलतं, त्यामुळे वेग लवकर पडतो. दाट झाडीत दीडशे यार्डांच्या आत त्याने काही बिघडत नसे, आणि त्या झाडीत त्यापलीकडचं दिसतही नसे.

टोकदार गोळी सैन्यातून आली. पाऊल माउझर यांच्या रायफली आणि त्यांचं १८९२ चं ७×५७ काडतूस यांचा हिसका अमेरिकन सैन्याने १८९८ मध्ये क्युबात स्पॅनिश फौजेकडून खाल्ला. जर्मनीने १९०५ मध्ये हलकी टोकदार गोळी स्वीकारली. अमेरिकेने १९०३ च्या काडतुसातली २२० ग्रेनची बोथट गोळी काढून १५० ग्रेनची टोकदार गोळी घातली आणि १९०६ मध्ये .३०-०६ तयार झालं. (ग्रॅमचे साधारण साडेपंधरा ग्रेन होतात, गोळीचं वजन आजही त्यातच सांगतात.) १९२५ मध्ये त्याचीच मान आवळून विंचेस्टरने .२७० आणलं. शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनर यांनी मासिकांतून त्याची अनेक वर्षं पाठराखण केली आणि डोंगरातल्या शिकाऱ्यांनी ते उचललं. १९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७० आणि १९६२ ची रेमिंग्टन ७०० या दोन रायफलींनी तो काळ पक्का केला.

त्या काळाचं शहाणपण एका साध्या हिशेबात मावतं. .२७० ची १३० ग्रेनची गोळी २७५ यार्डांवर साधून ठेवली, तर वाटेत ती नेमाच्या रेषेपेक्षा तीन-साडेतीन इंचांहून वर जात नाही, आणि ३०० यार्डांच्या थोडं पुढेपर्यंत तेवढीच खाली येते. हरणाच्या छातीचा जीवघेणा भाग यापेक्षा मोठा. म्हणजे तीनशेच्या आत अंतर मोजायचं नाही, काही फिरवायचं नाही, सरळ छातीवर नेम धरायचा. त्यापलीकडे जनावर असेल तर एक तर जवळ जायचं, नाही तर सोडून द्यायचं. रायफलीची ही मर्यादा शिकाऱ्याला शिस्त लावत होती, आणि मला ती या जुन्या हत्यारांची सर्वांत मोठी देणगी वाटते.

गोळीच्या पोटातला इतिहास आपल्याही भूमीवरून जातो. कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात १८९० च्या दशकात मऊ टोकाची, शरीरात उमलणारी गोळी बनली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीला बंदी घातली. शिकारीत मात्र उलटं घडलं. न उमलणारी गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर फिरतं, म्हणून मोठ्या जनावरासाठी उमलणारी गोळीच हवी असा नियम अनेक देशांत झाला. पण उमलणाऱ्या गोळीचे स्वतःचे प्रश्न होते. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शिकारी जॉन नोझलर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या (मोठ्या हरणाच्या) कातड्यावरच फुटून गेल्या, आत शिरल्या नाहीत. त्यांनी मग मधोमध धातूची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून आत जातो. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली आणि आजही मिळते.

सरकारी हुकमानेही काडतुसं घडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिशांनी हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरला (नळीच्या मापाला) बंदी केली. जुन्या सैनिकी रायफलींत चालणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. त्यामुळे लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० आणि .४७५ असे बोअर पुढे आणले, आणि त्यातलं .४७० पुढे आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीचं ठरलेलं काडतूस झालं. सैनिकी बोअर नागरिकांना द्यायचा नाही हे धोरण स्वातंत्र्यानंतरही राहिलं. भारतात परवान्यावर मिळणारी रायफल .३०३ ची नसून .३१५ ची का, याचं उत्तर त्यात आहे. आणि १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी भेट दिलेली .२७५ रिग्बी म्हणजे दुसरं काही नाही, क्युबात गाजलेलं तेच माउझरचं ७×५७.

आता वळण. जुन्या काळी पल्ला वाढवायचा म्हणजे दारू वाढवायची. १९६२ चं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, १९६३ चं .३०० विंचेस्टर मॅग्नम ही त्या विचाराची लेकरं. सुरुवातीचा वेग जास्त, धक्काही जास्त. मैदानावरच्या नेमबाजांनी मात्र हळूहळू दुसरी गोष्ट पकडली: गोळी किती वेगाने निघते यापेक्षा ती वेग किती टिकवते हे लांबवर महत्त्वाचं. त्यासाठी गोळी लांब, बारीक आणि तिच्या जाडीच्या मानाने जड हवी. पण लांब गोळी भोवऱ्यासारखी जास्त गरगरली तरच सरळ राहते. ते गरगरणं नळीतल्या खाचांच्या पिळावर ठरतं. .२७० च्या नळीत दहा इंचांत एक फेरा असा पीळ ठरून गेलेला होता आणि १३०-१५० ग्रेनच्या गोळीला तो पुरत होता. त्याहून बरीच लांब गोळी त्यात डगमगते. काडतूस उत्तम असूनही ते जुन्या पिळात अडकून पडलं.

६.५ क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने मैदानावरच्या स्पर्धांसाठी आणलं. अभियंते डेव्ह एमरी आणि राष्ट्रीय विजेते नेमबाज डेनिस डीमिल यांच्या बोलण्यातून ते जन्मलं. पितळी घर आखूड, खांदा तिरका, म्हणजे लांब गोळी बाहेर बसवूनही काडतूस आखूड रायफलीच्या पेटीत मावतं. नळीचा पीळ आठ इंचांत एक फेरा. धक्का .३०-०६ पेक्षा बराच कमी, म्हणून माणूस चाप दाबताना दचकत नाही. यात अफाट ताकद कुठेच नाही. नीट जुळवलेली मापं आहेत.

आणि या मापांतलं मुख्य माप अजिबात नवं नाही. स्वीडन आणि नॉर्वेने १८९४ मध्ये स्वीकारलेल्या ६.५×५५ च्या रायफलीत पीळ २०० मिलिमीटरला एक फेरा होता. इंचांत मोजलं तर आठाला जरा कमीच. तिथले शिकारी तेव्हापासून त्याच्या लांब, १५६ ग्रेनच्या आसपासच्या गोळीने मूस मारत आले आहेत. अमेरिकेने त्याकडे शंभर वर्षं दुर्लक्ष केलं. मग तीच गोष्ट नव्या नावाने हाती आली तेव्हा तिला क्रांती म्हटलं.

खरा बदल काडतुसात कमी आणि मोजण्यात जास्त झाला. लेझरने अंतर मोजणारी हातातली यंत्रं १९९० च्या दशकात सामान्य शिकाऱ्याच्या खिशाला परवडू लागली. दुर्बिणीच्या वरची फिरकी मोजून फिरवता येऊ लागली. फोनमध्ये हवेचा दाब, तापमान आणि वारा घातला की गोळी किती खाली येईल ते आकड्यात मिळू लागलं. १९९० पूर्वीचा चांगला नेमबाजही अंतराच्या अंदाजात चुकत असे, ती चूक संपली. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रिसिजन रायफल सिरीज सुरू झाली. त्यात वेळेच्या बंधनात, खडकावरून, कुंपणावरून, छपरावरून लांबच्या पोलादी पाट्या वाजवायच्या असतात. रायफलींचं वजन पंधरा-वीस पौंडांवर गेलं. हे फार कष्टाचं कौशल्य आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. याच मैदानाच्या गरजेने गोळीचं शास्त्रही पुढे गेलं. २०१५ च्या सुमारास डॉप्लर रडारने उडत्या गोळ्या तपासताना हॉर्नडीच्या लोकांना दिसलं की हवेच्या घर्षणाने गोळीचं प्लॅस्टिकचं टोक वाटेत वितळतं आणि गोळी ठरल्यापेक्षा लवकर मंदावते. मग उष्णता सोसणारी टोकं आली.

अडचण आहे ती मैदान रानात शिरतं तिथे. ६.५ क्रीडमूरची गोळी १००० यार्डांवर पोचायला दीड सेकंदाच्या आसपास घेते. तोवर ती २५ फुटांहून जास्त खाली येते, आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्याने पाच फूट सरकते. अंतर लेझर सांगतो, पण दरीच्या मधल्या वाऱ्याचं काय? आणि चाप ओढल्यावर दीड सेकंदात चरणारं हरीण एक पाऊल सहज पुढे टाकतं. छातीवरचा नेम पोटात लागतो. पोलादी पाटी पाऊल टाकत नाही. शिवाय गोळी उमलायला वेग लागतो. साधारण सेकंदाला १८०० फुटांखाली अनेक शिकारी गोळ्या नीट उमलत नाहीत, भोक पाडून निघून जातात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने याच कारणांनी भूमिका घेतली: जनावराला आपली चाहूलच लागू शकत नाही इतक्या लांबून मारणं ही न्याय्य शिकार नाही. आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी १६ पौंडांपेक्षा जड रायफल चालत नाही. मला क्लबचं म्हणणं पटतं.

शिशाचा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच भोवतो. शिकारीनंतर रानात टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातली कॉन्डर गिधाडं मरत होती. त्या राज्याने आधी त्यांच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून सगळीकडे शिकारीत शिशाची गोळी बंद केली. पर्याय तांब्याचा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिलाही जास्त पीळ लागतो. तिथे जुन्या नळीची पंचाईत. पण तांब्याची गोळी उमलायला वेगही जास्त मागते, त्यामुळे नव्या रायफलीचाही पल्ला आपोआप आखडतो.

महाराष्ट्रात हा वाद या रूपात येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी इथली हौसेची शिकार संपवली. आपल्याकडे रायफल म्हटलं की तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे आठवतात, म्हणजे .२२ ची गोळी आणि ५० मीटर.

६.५×५५ च्या माहेरी, नॉर्वेत, मोठ्या जनावराच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकाला दर वर्षी एक परीक्षा द्यावी लागते. रायफल कोणतीही असो, दुर्बीण कितीही महाग असो. समोर रेनडिअरचं चित्र असतं, त्याच्या छातीवर ३० सेंटिमीटरचं वर्तुळ. पाच गोळ्या, पाचही आत हव्यात. अंतर १०० मीटर.