पाचरीसारखी गाडी आणि हवेचा अवरोध

जमिनीलगत बसलेली, पाचरीसारख्या नाकाची महागडी स्पोर्ट्स कार हवा सहज कापते आणि जुनी काटकसरी छोटी गाडी हवेशी झगडत राहते, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी मोजमापे वेगळेच सांगतात. १९७४ साली विक्रीस आलेल्या लॅम्बोर्गिनी काउंटाचचा अवरोध गुणांक साधारण ०.४२ सांगितला जातो. १९९९ च्या, एक लिटर इंजिनाच्या होंडा इनसाइटचा तो केवळ ०.२५ आहे. हा अंक जितका लहान, तितका आकार हवेला कमी अडवतो.

कारण दिसण्यात नसून गरजांत आहे. शक्तिशाली इंजिन थंड ठेवण्यासाठी मोठी हवाद्वारे लागतात, पकडीसाठी रुंद टायर लागतात आणि गाडी जमिनीला दाबून धरणारे पंख त्या दाबाची किंमत अवरोधाच्या रूपात वसूल करतात. इनसाइटमध्ये मात्र मागची चाके झाकलेली आहेत आणि मागचा भाग हळूहळू निमुळता होत जातो. हवेच्या दृष्टीने नाकापेक्षा शेपटीचेच महत्त्व अधिक असते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

कमी उंचीमुळे समोरचे क्षेत्रफळ घटते आणि प्रत्यक्षातला अवरोध हा गुणांक व क्षेत्रफळ या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो, एवढा मुद्दा स्पोर्ट्स कारच्या बाजूने मान्य करावा लागेल. तिचा वेग मात्र मुख्यतः इंजिनाचा आहे: वेग दुप्पट करायचा, तर हवेवर मात करण्यासाठी सुमारे आठपट शक्ती लागते.