टँडम सायकल

टँडम सायकल : एकामागे एक बसून दोघांनी मिळून चालवायची सायकल. चाके दोनच असतात, पण सीट, हँडल आणि पायडलच्या जोड्या दोन-दोन. डबलसीट जाताना कॅरिअरवर बसलेल्या माणसाचे फक्त ओझे होते. टँडमवर मागचा माणूस बरोबरीने जोर लावतो. पुढच्याला कॅप्टन आणि मागच्याला स्टोकर म्हणतात, दृष्टिहीन खेळाडूंच्या शर्यतींत पुढच्याला पायलट. गाडी वळवणे, ब्रेक दाबणे आणि बहुतेक गाड्यांवर गिअर बदलणे ही कामे पुढच्याची. मागचे हँडल केवळ धरण्यासाठी असते, ते वळत नाही.

दोघांचे पाय एकाच चेनने जोडलेले असतात, पण रस्ता नीट दिसतो तो एकालाच. टँडमवरची मजा आणि टँडमवरची भांडणे, दोन्हींचे मूळ इथेच आहे. पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात. पुढच्याने न सांगता थांबवले तर मागच्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून ही गाडी चालवण्याचे खरे कौशल्य तोंडाचे आहे: जे करायचे ते करण्याआधी सांगणे.

इतिहास : सुरक्षित सायकल, म्हणजे दोन सारखी चाके आणि चेन असलेली आजच्या घडणीची सायकल, १८८०च्या दशकात रूढ झाली आणि तिच्या पाठोपाठ टँडम आली. इंग्लंडमधील बिगल्सवेड येथील डॅन अल्बोन हा तिच्या आद्य निर्मात्यांपैकी एक. १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीची लाट आली तेव्हा टँडमही लोकप्रिय होती. ऑलिंपिकमध्ये टँडमची शर्यत १९०८ साली लंडनमध्ये प्रथम झाली आणि फ्रान्सच्या मॉरिस शिल व आंद्रे ओफ्रे यांनी ती जिंकली. १९७२च्या म्यूनिक स्पर्धेनंतर ती बंद झाली. आज सर्वोच्च पातळीवरची टँडम शर्यत पॅरालिंपिकमध्ये, दृष्टिहीन खेळाडूंच्या ‘बी’ गटात होते. त्यात डोळस पायलटलाही पदक मिळते. २०१२ साली लंडनला ब्रिटनच्या नील फॅची याने पायलट बार्नी स्टोरी याच्या साथीने एक किलोमीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले.

वेगाचे गणित : सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते. टँडमवर ताकद दुप्पट होते, पण स्टोकर कॅप्टनच्या आडोशाला असल्यामुळे वाऱ्याचा अडथळा दुप्पट होत नाही, दीडपटीच्याही आत राहतो. एकेकटे ताशी २५ किमीने जाणारे दोघे तेवढ्याच मेहनतीत टँडमवर साधारण २८ किमीने जातात. समोरून वारा असेल तर हा फायदा अधिक जाणवतो.

चढावर तो नाहीसा होतो. तिथे वाऱ्याला महत्त्व उरत नाही, सगळी ताकद वजन वर नेण्यात जाते, आणि वजन दोन सायकलींवरच्या दोघांइतकेच असते. दोन स्वार आणि गाडी मिळून १६५ किलो धरले, तर ६ टक्के चढ ताशी १० किमीने चढायला सुमारे ३०० वॉट लागतात, म्हणजे प्रत्येकी दीडशे. एकट्यालाही त्याच्या सायकलवर जवळपास इतकेच लागले असते. प्रत्यक्षात बहुतेक जोड्या टँडमवर थोड्या सावकाशच चढतात, कारण सीटवरून उठून जोर लावायचा तर दोघांना एकाच वेळी, एकाच लयीत उठावे लागते आणि ते जमायला बरेच महिने जातात. म्हणून गिअर हलके हवेत : पुढे २८ ते ३० दात्यांची चकती, मागे ३४-३६ किंवा त्याहून मोठी. दुकानात उभ्या गाडीला एवढा हलका गिअर अनावश्यक वाटतो. पहिल्याच घाटात तो लागतो.

टँडमचा सर्वांत मोठा लाभ वेगाचा नाही. ताकदीत फरक असलेली दोन माणसे दोन सायकलींवर निघाली की एक पुढे जाऊन वाट पाहतो आणि दुसरा मागे धापा टाकतो. टँडमवर दोघे एकाच वेळी पोचतात, दिवसभर हळू आवाजात गप्पा मारू शकतात आणि प्रत्येकजण आपापल्या ताकदीप्रमाणे जोर लावू शकतो. डोळ्यांना दिसत नाही अशा माणसाला तर उघड्या रस्त्यावर पूर्ण जोराने सायकल चालवण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे. पुण्यातील ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही दिव्यांशू गणात्रा यांनी स्थापन केलेली संस्था दृष्टिहीन आणि डोळस स्वारांच्या जोड्या जमवून टँडमवर मनाली ते लडाखमधील खारदुंग ला ही खिंड अशा मोहिमा काढते. अशा जोडीत पायलटचे बोलणे खड्डा आणि वळण सांगण्यावर थांबत नाही. डावीकडे नदी आली, समोर बर्फाची रांग दिसते, हेही तो सांगतो, आणि चांगला पायलट यातूनच ओळखू येतो.

रचना : सांगाड्याच्या तळाशी दोन्ही बॉटम ब्रॅकेटना (पायडलच्या दांड्यांचा आस बसतो ते भाग) जोडणारी जाड नळी असते; गाडीचा ताठपणा मुख्यतः तिच्यावर अवलंबून असतो. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, जोडणाऱ्या चेनला टायमिंग चेन म्हणतात. ती सहसा डाव्या बाजूला असते आणि उजवीकडची नेहमीची चेन मागचे चाक फिरवते. टायमिंग चेनच्या दोन्ही चकत्यांचे दाते सारखे असतात, त्यामुळे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. (डाविंची या अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत एकाला पाय थांबवता येतील आणि दुसऱ्याला मारता येतील अशी वेगळी योजना असते.) ३९ दात्यांच्या चकत्या आणि ७३ सेंमी अंतर असेल तर टायमिंग चेनला सुमारे १५४ कड्या लागतात. बाजारातली एक चेन ११६ कड्यांच्या आसपास असते, तेव्हा दोन चेन घेऊन जोडाव्या लागतात.

या चेनला ताण देणारा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) नसतो. पुढचा बॉटम ब्रॅकेट एक्सेंट्रिक असतो, म्हणजे क्रँकचा आस मध्यापासून सरकवून बसवलेला असतो. पकड सैल करून तो भाग फिरवला की आस पुढे-मागे होतो आणि चेन ताणली जाते किंवा सैल पडते. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली की सुमारे एक सेंटीमीटर हलली पाहिजे. ताठ ठेवली तर बेअरिंग झिजते आणि पायडल जड फिरते. सैल ठेवली तर खड्ड्यात चेन पडते किंवा एखादा दाता सरकते. क्रँक फिरवताना काही ठिकाणी चेन ताठ आणि काही ठिकाणी सैल लागत असेल तर चकती मध्यावर बसलेली नाही असे समजावे. चकतीचे बोल्ट किंचित सैल करून, ताठ जागी चेनवर हलके ठोकून ते पुन्हा आवळावेत.

दाता सरकला की दोघांच्या पायडलची जुळणी बिघडते. चेन उतरवून, दोन्ही क्रँक समांतर करून पुन्हा चढवली की काम होते. काही अनुभवी जोड्या मुद्दाम दोघांचे क्रँक ९० अंशांच्या फरकाने लावतात. त्यामुळे जोर सलग मिळतो आणि चेनवर एकदम ताण येत नाही, पण गाडी सोडताना आणि उठून पायडल मारताना अडचण होते, वळणावर पायडल जमिनीला टेकण्याचा धोकाही वाढतो. नव्या जोडीने क्रँक समांतरच ठेवावेत.

चाकांवर साध्या सायकलीच्या जवळपास दुप्पट भार येतो, आणि मागच्यावर जास्त. ३६ ते ४० आऱ्यांची चाके आणि आपल्या रस्त्यांवर निदान ३५ मिमी रुंदीचे टायर घ्यावेत. आरे तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे आणि चेनच्या बाजूचे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर आऱ्यांचा ताण एकदा तपासून घेतला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

स्टोकरचे हँडल कॅप्टनच्या सीटच्या दांड्याला आवळलेले असते. यातून एक लहानशी गोष्ट घडते आणि ती विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही : कॅप्टनची सीट वर-खाली केली की स्टोकरच्या हँडलची जागाही बदलते, आणि कॅप्टन सीटवर डोलत पायडल मारत असेल तर स्टोकरचे हात दिवसभर हलत राहतात. दोन सीटमधले अंतर ७० सेंमीपेक्षा बरेच कमी असेल तर स्टोकरचे नाक कॅप्टनच्या पाठीला लागते. शिवाय स्टोकर जवळपास मागच्या चाकावर बसलेला असतो आणि त्याला खड्डा येताना दिसत नाही, म्हणून त्याच्या सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवणे ही चैन मानू नये.

चढणे, सुटणे, थांबणे : कॅप्टन आधी गाडीवर टांग टाकतो, सीटवर न बसता दोन्ही पाय जमिनीवर फाकवून उभा राहतो आणि दोन्ही ब्रेक घट्ट दाबतो. पाय फाकवायचे कारण असे की स्टोकर क्रँक फिरवेल तेव्हा पायडल नडगीवर बसू नये. मग स्टोकर चढतो, सीटवर बसतो, दोन्ही पाय पायडलवर ठेवतो. या क्षणी गाडीचा सगळा तोल कॅप्टनवर असतो. कॅप्टन सांगेल तो पायडल स्टोकर मागे फिरवून वर, घड्याळातल्या दोनच्या आसपास आणतो. कॅप्टन त्यावर पाय ठेवतो, ‘तयार?’ विचारतो, उत्तर आल्यावर ब्रेक सोडतो आणि दोघे एकदम जोर लावतात. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी हलते. तेव्हा स्टोकरने तोल सावरायला जाऊ नये, नुसते पायडल मारत राहावे.

सिग्नलला फक्त कॅप्टन पाय टेकतो. स्टोकरचे पाय पायडलवरच राहतात. दोघांनी दोन बाजूंना पाय टेकायचा प्रयत्न करणे हे नव्या जोड्यांच्या पडण्याचे नेहमीचे कारण आहे.

चालताना कॅप्टनने सांगायचे शब्द मोजके असावेत आणि आधीच ठरवावेत : ‘खड्डा’, ‘गतिरोधक’, ‘गिअर’, ‘पाय थांबव’, ‘उठूया’, ‘ब्रेक’. आपल्याकडच्या गतिरोधकांवर एक जादा काळजी लागते. गाडीच्या दोन चाकांमधले अंतर १.७ मीटरच्या पुढे असते, त्यामुळे उंच उंचवटा दोन चाकांच्या मधोमध आला की टायमिंग चेनची चकती त्याला घासते. वेग अगदी कमी करून, दोघांचे क्रँक आडवे ठेवून आणि सीटवरून किंचित उठून तो पार करावा. वळताना मागचे चाक पुढच्यापेक्षा आतून जाते, तेव्हा वळण मोठे घ्यावे. स्टोकरने मागे वळून पाहणे, पाण्याची बाटली काढणे ही कामे सांगून करावीत. त्याची जराशी हालचालही कॅप्टनला हँडलमध्ये जाणवते.

स्टोकरचे काम कमी नसते. मागून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवणे, हात दाखवणे, नकाशा पाहणे, खाऊ काढून देणे हे सगळे त्याच्याकडे. मुरलेल्या टँडमस्वारांत ‘स्टोकरची चूक नसते’ असा संकेत आहे आणि तो योग्य आहे. ज्याच्या हातात ब्रेक नाही, त्याच्याकडून विश्वास हवा असेल तर जबाबदारी पुढच्याने घ्यायची. नवे कॅप्टन नेमके उलटे करतात. स्टोकर घाबरला की वेग कमी करण्याऐवजी ‘काही होत नाही’ म्हणतात, आणि स्टोकर त्या दिवसापासून गाडीवर बसत नाही. पायांच्या गतीबाबतही असेच. कॅप्टनला मिनिटाला ९५ फेऱ्या आवडतात आणि स्टोकरला ७०, तर आधी ८०च्या आसपास राहून एकमेकांकडे सरकावे. स्टोकर बुटका किंवा लहान मूल असेल तर त्याच्या बाजूला आखूड क्रँक लावता येतात.

उतार : सर्वांत जास्त धोका इथे आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना १२०० मीटरहून अधिक उंची कमी होते. १६५ किलो इतके खाली आले की सुमारे १९.४ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात साडेपाच लिटरहून अधिक गार पाण्याला उकळी फुटेल. काही वाटा वारा घेतो, पण वळणावळणाच्या घाटात वेग धरता येत नसल्यामुळे बराच वाटा ब्रेककडेच जातो. रिमवर रबर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि टायर रिमवरून निसटून फुटू शकतो. पुढचा फुटला तर गाडी सावरणे अवघड. म्हणून घाटांसाठी मोठ्या चकतीचे, शक्यतो २०३ मिमीचे, डिस्क ब्रेक घ्यावेत. जुन्या गाड्यांवर मागच्या चाकाला तिसरा ड्रम ब्रेक असे. तो संपूर्ण उतारभर हलका लावून ठेवत आणि अनेकदा स्टोकरच्या हाती देत.

सतत ब्रेक धरून उतरू नये. सरळ रस्त्यावर ताठ बसून वाऱ्याला आपले काम करू द्यावे, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवावा आणि सोडावेत. जळका वास आला, लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागली किंवा आवाज बदलला की थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. एक गोष्ट मात्र टँडमच्या बाजूची आहे : लांबीमुळे आणि मागच्या वजनामुळे पुढचा ब्रेक जोरात लावला तरी गाडी हँडलवरून सहसा उलटत नाही, म्हणून पुढचा ब्रेक वापरायला घाबरू नये.

ने-आण आणि सुटे भाग : गाडीची लांबी सुमारे अडीच मीटर आणि वजन १५ ते २० किलो असते. ती लिफ्टमध्ये मावत नाही, मोटारीमागच्या नेहमीच्या रॅकवर बसत नाही आणि इमारतीच्या जिन्यात वळत नाही. काही गाड्यांचा सांगाडा जोडांवर सुटा होतो. अशी गाडी पेट्यांत भरून विमानाने नेता येते, पण उघडून पुन्हा जोडायला सराव लागतो. लांबच्या प्रवासात निदान मागच्या ब्रेकची आणि गिअरची केबल जवळ ठेवावी. त्या तीन मीटरच्या आसपास लांब असतात आणि साध्या सायकलीच्या केबल तिथे पुरत नाहीत. जोडीला मागच्या चाकाच्या मापाचे चार-पाच आरे, चेनच्या काही कड्या, चेन तोडण्याचे हत्यार आणि एक्सेंट्रिक सैल करण्याची चावी असावी. ही शेवटची चावी सर्वांत जास्त विसरली जाते, आणि तिच्याशिवाय सैल पडलेली टायमिंग चेन रस्त्यात ताणता येत नाही.