ठासणीच्या बंदुकीचा बार : हरणाच्या शिकारीसाठी गोळी व दारूची निवड

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून आणि गजाने ठासून जी एका वेळची भरणी केली जाते तिला बार म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांनी हरणांच्या, विशेषतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम ठेवलेला आहे. त्या हंगामात शिकाऱ्याच्या हाती बहुधा एकच बार असतो. दुसरा भरून होईतो हरीण दिसेनासे झालेले असते. त्यामुळे गोळीचा प्रकार व वजन, दारूची जात व माप आणि नळीच्या आतील, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ यांचा मेळ बसवणे हा या शिकारीचा गाभा ठरतो. दारू जितकी जास्त तितका बार चांगला, ही समजूत बरीच पसरलेली असली तरी ती चुकीची आहे.

या हंगामांना जोर आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. थॉम्पसन-सेंटर कंपनीने १९७० मध्ये ‘हॉकेन’ ही टोपीची (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीने बार उडवणारी) रायफल बाजारात आणली, पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ मध्ये चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या) बंदुकीचा हंगाम सुरू केला, आणि १९८५ मध्ये टोनी नाइट यांची ‘एमके-८५’ ही बंदूक आली, जिच्यात ठिणगी नळीच्या बुडातून सरळ रेषेत दारूवर पडते. या शेवटच्या रचनेला ‘इनलाइन’ म्हणतात. आज एकाच रानात दोनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची चकमकीची बंदूक आणि दुर्बीण लावलेली इनलाइन या दोन्ही दिसतात, पण एकीचा बार दुसरीला चालत नाही.

सर्वांत जुनी आणि आजही पुरेशी ठरणारी गोळी म्हणजे मऊ शिशाची गोल गोळी. तिच्यात व्यास हीच सगळी भांडवली बाजू आहे, कारण गोलाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.४५ कॅलिबरच्या, म्हणजे ०.४५ इंच व्यासाच्या नळीत बसणारी ०.४४० इंचाची गोळी सुमारे १२८ ग्रेन भरते, ०.५० कॅलिबरची ०.४९० इंची गोळी १७७ ग्रेन, तर ०.५४ कॅलिबरची ०.५३० इंची गोळी २२४ ग्रेन (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). म्हणजे नळीचा व्यास एक पंचमांशाने वाढला की गोळी पाऊणपटीने जड होते. हवेत मात्र गोल आकार लवकर मंदावतो. ०.५० कॅलिबरच्या लांब नळीतून ९० ग्रेन दारूवर सेकंदाला सुमारे १,८०० फूट वेगाने निघालेली गोळी १०० यार्डांवर १,००० ते १,१०० फुटांवर येते आणि तिच्यात सुरुवातीच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उरतो. म्हणूनच गोल गोळीने शिकार करणारे जाणते लोक ७५ यार्डांच्या आतच चाप ओढतात. त्या अंतरात मऊ शिसे फुप्फुसांच्या भागात पसरते आणि बहुतेकदा आरपारही जाते. आरपार जाण्याला महत्त्व आहे, कारण धुरामुळे हरीण कुठे पळाले ते दिसत नाही आणि पुढचा माग रक्ताच्या थेंबांवरच काढावा लागतो.

गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते, आणि ती जागा भरण्यासाठी वंगण लावलेली सुती कापडाची चकती वापरतात. कापड घट्ट विणीचे हवे. जाडी साधारण ०.०१० ते ०.०२० इंच. वंगण मेणाचे किंवा चरबीचे असावे, कारण खनिज तेलाचे ग्रीस काळ्या दारूच्या काजळीशी मिसळून डांबरासारखे चिकट होते. बार बरोबर आहे की नाही हे गोळीपेक्षा ही चकतीच आधी सांगते. बार उडाल्यावर ती नळीपासून काही पावलांवर पडते. उचलून पाहिली असता मध्यभागी काळा डाग आणि कडेला खाचांचे स्पष्ट ठसे दिसले तर सगळे ठीक आहे. मधोमध जळून भोक पडले असेल तर दारू जास्त झाली, कापड पातळ पडले किंवा वंगण कमी पडले. खाचांच्या ठशांवरच ती चिरली असेल तर खाचांच्या कडा धारदार आहेत किंवा गोळी फार घट्ट बसते. निशाणावरच्या भोकांकडे बघून दारू वाढवत बसणाऱ्याने आधी ही जळकी चिंधी शोधावी.

लांबट गोळीचा हिशेब वेगळा आहे. तिला हवेत स्थिर राहण्यासाठी जास्त जलद फिरकी लागते. गोल गोळीच्या रायफलीत खाचा ६० ते ७० इंचांत एक फेरा घेतात, इनलाइनच्या नळीत सुमारे २८ इंचांत; हॉकेनचा ४८ इंचांचा पीळ ही दोघांमधली तडजोड होती. संथ पिळाच्या नळीतून लांब गोळी आडवी होऊन कागद फाडते, आणि जलद पिळाच्या नळीत मोठ्या दारूवरची गोल गोळी खाचा सोडून निसटते. ०.५० कॅलिबरची भरीव शिशाची लांबट गोळी ३५० ग्रेनांच्या पुढे सहज जाते. ती हळू निघते, खांद्याला धक्का जोरात देते आणि उंचीत लवकर खाली येते, पण मांसात खोलवर शिरते. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी ते योग्य आहे. साध्या हरणासाठी तेवढ्या वजनाची गरज नसते.

इनलाइनधारकांत सॅबो अधिक प्रचलित आहे. सॅबो म्हणजे प्लास्टिकची पाकळ्यांची वाटी. तिच्यात नळीपेक्षा लहान व्यासाची, सहसा ०.४५ कॅलिबरच्या पिस्तुलाची २४० ते ३०० ग्रेनांची गोळी बसते आणि नळीबाहेर पडताच पाकळ्या गळून जातात. पिस्तुलाची गोळी पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेली असते हे येथे विसरता येत नाही. २५ यार्डांवर, दीडपट वेगाने बरगडीवर आदळली तर ती फुटून वरच्यावर राहू शकते. या बंदुकांसाठीच घडवलेल्या जाड आवरणाच्या किंवा पूर्ण तांब्याच्या गोळ्यांची किंमत जास्त असली तरी ती त्या कारणाने रास्त आहे.

दारूत मूळ काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. दाणा जितका बारीक तितकी ती लवकर जळते: ०.५० व त्यावरच्या कॅलिबरला मुख्यतः एफएफजी (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक), लहान नळीला एफएफएफजी, आणि चकमकीच्या रंजकाला (ठिणगी झेलून आतला बार पेटवणाऱ्या बाहेरच्या चिमूटभर दारूला) एफएफएफएफजी वापरतात. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप कीट होऊन उरतो, म्हणून दर बारानंतर ओलसर चिंधी नळीतून फिरवावी लागते. पर्यायी दारूंपैकी पायरोडेक्स १९७० च्या दशकात आली. ती काळ्या दारूच्याच मापाने, आकारमानावर मोजायची असते. १०० ग्रेनांच्या मापात भरलेली पायरोडेक्स तराजूवर सुमारे ७० ग्रेनच भरते, आणि ती तराजूवर १०० ग्रेन तोलून भरणे ही घातक चूक आहे. ट्रिपल सेव्हन तितक्याच मापात अधिक जोर देते, म्हणून तिचे माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी करावे असे सांगितले जाते. ब्लॅकहॉर्न २०९ कमी कीट करते, पण तिला शॉटगनच्या २०९ क्रमांकाच्या प्रायमरची (काडतुसाच्या बुडातील पेटवणीची) ठिणगी लागते. चकमकीच्या बंदुकीत मात्र खरी काळी दारूच विश्वासाची. काडतुसांतली धूररहित दारू या बंदुकांत कधीही घालू नये. तिच्या दाबाने नळी फुटते.

माप ठरवण्याची जुनी रीत अशी की, ०.५० कॅलिबरला ५० ग्रेन काळ्या दारूपासून सुरुवात करून, उत्पादकाने घातलेल्या मर्यादेत, पाच-पाच ग्रेनांनी वर जायचे आणि प्रत्येक मापाचे तीन-चार बार टेकूवरून उडवायचे. भोके जवळ येत जातात, एका मापावर सर्वांत जवळ येतात आणि मग पुन्हा पसरू लागतात. हरणासाठी हे माप ०.५० कॅलिबरच्या गोल गोळीला सहसा ७० ते ९० ग्रेनांच्या दरम्यान आणि इनलाइनमधील सॅबोला ८० ते १०० ग्रेनांच्या आसपास सापडते. त्यापुढची दारू वेग थोडा आणि धक्का, धूर व कीट पुष्कळ वाढवते. जाहिरातींतला, दाबून घट्ट केलेल्या दारूच्या ५० ग्रेनांच्या तीन गोट्यांचा, म्हणजे १५० ग्रेनांचा बार १०० यार्डांच्या आतल्या हरणासाठी उधळपट्टी आहे. गोट्या वापरायला सोप्या असल्या तरी पाच ग्रेनांचा फेरफार त्यांत करता येत नाही, हाही त्यांचा दोष आहे.

माप सापडले की गोळी थेट दारूवर टेकलेली असताना गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करून ठेवतात. पुढच्या प्रत्येक बाराला गज त्याच खुणेपर्यंत उतरला पाहिजे. वर राहिला तर गोळी आणि दारू यांत पोकळी आहे, आणि अशा पोकळीवर बार उडाल्यास नळी फुगते किंवा फाटते. गज जास्तच वर राहिला तर आत आधीचा बार शिल्लक असण्याची शक्यता असते. थंडीत भरलेली बंदूक उबदार खोलीत आणली की नळीत दव धरते आणि सकाळी बार फुसका निघतो. ती रात्री थंड जागीच, टोपी किंवा रंजक काढून ठेवतात.

मराठी वाचकाला ठासणीची बंदूक कोकण आणि गोव्यामुळे परिचित आहे. तेथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही अनेक घरांत आढळते, आणि निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागणे हा शेतकऱ्यांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे भारतात हरणाची शिकार हा गुन्हा असल्याने येथील विवेचन अमेरिकेपुरतेच आहे.

अमेरिकेतही बाराची निवड शेवटी राज्याच्या नियमांच्या चौकटीत करावी लागते. पेनसिल्व्हेनियाच्या नाताळानंतरच्या हंगामात चकमकीचीच बंदूक लागते. कोलोराडोत या हंगामात सॅबो, दारूच्या गोट्या आणि दुर्बीण या तिन्हींना बंदी असून हरणासाठी किमान ०.४० कॅलिबर लागते, आणि गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळीला जलद पीळ लागत असल्यामुळे जुन्या संथ पिळाच्या रायफलीत तिचा मेळ बसणे अवघड जाते.