इसहाकाने विचारले कोकरू, झुडपात सापडला एडका

बायबलातल्या कथेत देव अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक याचा बळी द्यायला सांगतो. मोरिया प्रदेशातल्या डोंगराकडे जाताना इसहाक वाटेत बापाला विचारतो: विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? अब्राहाम सांगतो, देव पाहून देईल. डोंगरावर मात्र झुडपात शिंगे अडकलेला दिसतो तो एडका. मागितले एक आणि मिळाले दुसरे, असे मराठी बायबलात उत्पत्ती या पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचणाऱ्याला वाटतेच. या फरकावर पुष्कळ प्रवचने उभी राहिली आहेत. तो आला कुठून, हे पाहायचे तर मूळ हिब्रू शब्दांपर्यंत जावे लागते.

मेंढपाळाच्या लेखी गोष्ट सरळ आहे. मेंढीचे वर्षाच्या आतले पिल्लू ते कोकरू, मग ते नर असो की मादी. वयात आलेला, खच्ची न केलेला नर तो मेंढा किंवा एडका. म्हणजे आजचे नर कोकरू हाच उद्याचा एडका.

हिब्रूत एडक्याला ‘आयिल’ म्हणतात आणि त्याबद्दल काही संदिग्धता नाही. पण इसहाकाच्या तोंडी जो शब्द आहे तो ‘सेह’. सेह म्हणजे कळपातले एक जनावर. ते मेंढरू असेल किंवा शेरडूही असेल, आणि वयाची अट त्या शब्दात नाही. म्हणूनच निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण या यहुदी सणासाठी सेह घ्यायला सांगताना पुढे खुलासा करावा लागला: नर असावा, निर्दोष असावा, एक वर्षाचा असावा, मेंढरांतला किंवा शेरडांतला चालेल. सेह म्हणजे कोकरूच असते, तर एवढे सांगायची गरज पडली नसती.

जुन्या भाषांतरकारांना हे ठाऊक होते. ग्रीक सप्तती भाषांतरात इसहाक ‘प्रोबातोन’ म्हणजे मेंढरू विचारतो. लॅटिन वल्गातात तर तो नुसता ‘बळी’ कुठे आहे असे विचारतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या जर्मन भाषांतरातही मेंढरूच आहे. १६११ च्या इंग्रजी राजा जेम्स आवृत्तीत मात्र ‘लॅम्ब’ आले, आणि ती आवृत्ती जगभर पोचली. मराठीतही कोकरूच रूढ झाले. माझ्या मते कोकरू आणि एडका यांच्यातली इथली तफावत मूळ कथेत नाही, ती भाषांतराने वाढवली आहे. मूळ संवादात मुलगा जनावर विचारतो आणि जनावर मिळते.

याचा अर्थ हिब्रू परंपरेला दोहोंतला फरक महत्त्वाचा नव्हता, असे अजिबात नाही. उलट तिथे तो मोजून ठेवलेला आहे. बायबलातल्याच गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात कोकराच्या बळीसोबत एफाचा (धान्याचे माप) एक दशांश सपीठ, तर एडक्यासोबत दोन दशांश. तेल आणि द्राक्षारस कोकरासाठी पाव हिन (द्रवाचे माप), एडक्यासाठी तृतीयांश हिन. रोज सकाळ-संध्याकाळच्या होमाला कोकरे लागत. दोषार्पणासाठी आणि याजकांच्या दीक्षेसाठी एडका लागे.

मग कोकराचा एडका नेमका कधी होतो? इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वर्षापर्यंत कोकरू. तेराव्या महिन्यातले जनावर कोकरू म्हणूनही चालत नाही आणि एडका म्हणूनही नाही. तेरा महिने आणि वर एक दिवस झाला, की तो एडका. मधल्या महिन्यातल्या त्या जनावराला रब्बी तर्फोनने वेगळे नावही दिले होते, ‘पल्गस’. वयाचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांनी आयुष्यभर कळप पाहिले असणार, हे मला त्यातून स्पष्ट दिसते.

शिंगांनी एडक्याला आणखी अर्थ दिला. आयिल हा शब्द बायबलात मवाब या शेजारी राष्ट्राच्या सरदारांसाठीही वापरलेला आहे, आणि दानीएल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातला दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी व पारसी राजे. रोमन सैन्य तटाला धडका द्यायला जो ओंडका वापरी त्याचे नावही एडकाच, ‘आरिएस’. एडक्याच्या शिंगाचा शोफार यहुदी नववर्षाला फुंकतात, आणि त्याच सणाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात इसहाकाची ही कथा वाचतात. कोकराच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात वधाला नेले जाणारे जनावर तोंड उघडत नाही. तिथेही शब्द सेहच आहे, पण वाचणाऱ्यांच्या मनात कोकरू ठसले.

ख्रिस्ती विचारात हे दोन्ही धागे येशूपाशी येतात. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान त्याला देवाचा कोकरा म्हणतो. पण दुसऱ्या शतकातला सार्दीसचा बिशप मेलितो याच्या नावावर असलेल्या एका तुटक उताऱ्यात वेगळी मांडणी आहे: इसहाक कोकरासारखा कोवळा, प्रभू मात्र एडक्यासारखा पूर्ण वाढलेला. कोकरू न मिळता एडका मिळाला, याला इथे उणेपणा मानलेले नाही. तोच अर्थ धरला आहे. पुढे ‘खरे कोकरू, म्हणजे येशू, यायचे राहिले होते’ असे जे सांगितले जाऊ लागले, त्याहून मला हे वाचन कथेच्या अधिक जवळचे वाटते.

बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या पाचव्या अध्यायात तर सीमारेषाच पुसली जाते. यहूदाच्या सिंहाची घोषणा होते आणि हा दृष्टान्त पाहणारा योहान (बाप्तिस्मा करणारा नव्हे) बघतो तर समोर वधलेला कोकरा, आणि त्याला सात शिंगे. ग्रीक शब्द ‘आर्निओन’, म्हणजे लहानसे कोकरू. शिंगे आणि सामर्थ्य एडक्याचे, नाव मात्र कोकराचे. मराठी भाषांतरकारांनी इथे व्यवहारातले नपुंसकलिंगी ‘कोकरू’ न ठेवता ‘कोकरा’ असे पुल्लिंगी रूप वापरले, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत तेच रुळले.