कोर्टात गीता नसते आणि हातोडाही नसतो

लातूर असो की अंबड, पहिल्यांदाच साक्षीला निघालेला माणूस हमखास विचारतो, "वकीलसाहेब, गीतेवर हात ठेवावा लागंल का?" नाही. १९६९ च्या शपथ कायद्यात कुठल्याही धर्मग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही. ईश्वराच्या नावाने शपथ घ्या, नाहीतर प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. बारा वर्षांखालच्या लेकराला खरं बोलायचं एवढं कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर शपथेविनाही त्याची साक्ष होते.

'ऑर्डर, ऑर्डर'वाला हातोडाही पडद्यावरचाच. इंग्लंडच्या न्यायाधीशांकडेसुद्धा तो नसतो.

मग कोर्टाची मालिका रंगते कशावर? 'रम्पोल ऑफ द बेली' (१९७८ ते १९९२) ही ब्रिटिश मालिका बघा. लेखक जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर. त्याचा अजागळ, कविता म्हणणारा वकील उलटतपासणीत साक्षीदाराला असा घोळवतो की बघत राहावं. खरी गंमत तिथंच. आपल्याकडेही ती असते, फक्त संथ. बांधाच्या भांडणात वकील विचारतो, "तवा बैल कुठल्या अंगाला होते?" साक्षीदार अडखळतो, वकील पुन्हा तेच विचारतो, आणि न्यायाधीश साहेब एकेक वाक्य सांगून टाइप करून घेतात. तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते.