पाटीवर नाव की पाटीवर जाहिरात? महोत्सवासाठी देणगी आणि प्रायोजकत्व

समजा, मिरजेत महिला कलाकारांचा तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरवायचा आहे. गाव त्याला साजेसंच: हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, 1905चा, आणि इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खर्चाचा अंदाज 12 लाख. कार्यकर्त्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे जातात, सराफाकडे जातात, सहकारी बँकेत आणि कुपवाडच्या कारखान्यात जातात आणि सगळीकडे एकच वाक्य बोलतात: "काहीतरी सहकार्य करा." गोंधळाचं मूळ या वाक्यात आहे. "सहकार्य" म्हटलं की त्यात देणगीही आली आणि प्रायोजकत्वही. हिशेबाच्या वहीत मात्र या दोन रकमांच्या वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या.

पैसे कुठल्या प्रकारचे, हे पावतीवरच्या शब्दावरून ठरत नाही. बदल्यात काय कबूल केलं, यावरून ठरतं. जीएसटीच्या 11 ऑक्टोबर 2019च्या परिपत्रकाने ही रेघ नीट ओढली आहे. धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेमागे व्यावसायिक लाभाचा हेतू नसेल आणि दात्याचं नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावलं असेल, तर ती देणगी. तिच्यावर कर नाही. "आईच्या स्मरणार्थ अमुक यांच्याकडून" ही पाटी देणगीची. त्याच पाटीवर दुकानाचा लोगो, शाखांचे पत्ते आणि "घडणावळीवर सूट" आलं की ती जाहिरात झाली. मग पावती "देणगी" म्हणून फाडली तरी उपयोग नाही. स्मरणिकेतलं पानही देणगीत मोडत नाही, ती जाहिरातीची विक्रीच.

देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एक समज पुसावा लागतो. "80जीची पावती देऊ" (म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी पावती) म्हटलं की व्यापारी खूश होईल, असं बऱ्याच संस्थांना वाटतं. पण नवी कररचना घेतलेल्या व्यक्तीला ही सवलत मिळत नाही, आणि 22 टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीलाही नाही. (नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व तेच राहिलं.) जुनी रचना असली तरी अशा देणगीवर साधारणपणे निम्म्याच रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत, आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी तर वजावटीत धरलीच जात नाही. याउलट धंद्यासाठी केलेला जाहिरातखर्च पूर्ण वजा होतो. म्हणून सराफाला प्रायोजकत्वच बहुतेक वेळा जास्त परवडतं. हे त्याच्या सीएला माहीत असतं; मागायला गेलेल्यांनाही माहीत असलं तर बोलणं सोपं जातं.

संस्थेच्या बाजूने गणित उलटं आहे, आणि इथेच जास्त पाय घसरतात.

पहिली गोष्ट जीएसटी. प्रायोजकत्वावर 18 टक्के. संस्था न्यास असेल आणि प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर हा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणारा, प्रायोजकच भरतो. 2,00,000च्या करारावर 36,000 रुपये कंपनी थेट सरकारला भरते. संस्थेने बिलात कर लावायचा नाही, "कर रिव्हर्स चार्जने देय" एवढं लिहायचं. प्रायोजक एकट्या मालकाचं दुकान असेल तर नियम बदलतो. सहकारी संस्थाही कंपनी कायद्याच्या व्याख्येतली "निगमित संस्था" नाही, आणि सांगली जिल्ह्यात याचा विसर पडणं महागात पडतं. अशा प्रायोजकाकडून कर वसूल करून भरणं संस्थेचं काम, अर्थात संस्थेची जीएसटी नोंदणी असेल तर. या नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीची आहे. त्या बेरजेत 500 रुपयांपर्यंतची करमुक्त तिकिटं धरतात, खरी देणगी धरत नाहीत.

दुसरी गोष्ट टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला आयकर. प्रायोजकत्वाचा करार म्हणजे जाहिरातीचंच काम, असं 1995च्या 715 क्रमांकाच्या परिपत्रकात म्हटलं आहे. म्हणजे त्या 2 लाखांवर 2 टक्के कापून हातात 1,96,000 येतात. पॅन दिला नसेल तर कपात 20 टक्के. देणगीवर टीडीएस नाही. त्यामुळे "देणगी" म्हणून आलेल्या रकमेतून टीडीएस कापलेला दिसला, तर कंपनीने ती आपल्या वहीत जाहिरातखर्चात टाकली आहे, हे ओळखावं आणि पावती दुरुस्त करावी. एकच रक्कम दोन वह्यांत दोन नावांनी राहिली की पुढे दोघांनाही नोटीस.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. कलेचा प्रसार हे उद्दिष्ट "सार्वजनिक उपयुक्तते"त मोडणाऱ्या न्यासाची व्यापारी स्वरूपाची मिळकत वर्षाच्या एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षीची आयकरमाफी धोक्यात येते. वर्षाची जमा 15 लाख असेल तर ही रेघ 3 लाखांवर. प्रायोजकत्व, स्मरणिका, स्टॉलभाडं मिळून तिच्या पलीकडे जाणार असेल, तर प्रस्ताव छापण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही.

समितीची न्यास म्हणून नोंदणीच नसेल, तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41कची परवानगी लागते.

मोठ्या कंपनीत गेलं की "सीएसआरमधून बघू" (म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेल्या कंपनीच्या निधीतून) असं उत्तर येतं. ते प्रायोजकत्व नव्हे. स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांत स्पष्ट वगळलं आहे, आणि एकदाच होणारा कार्यक्रमही त्यात बसत नाही. पारंपरिक कलेचं वर्षभराचं प्रशिक्षण, जसं मुलींसाठी तंबोरा जुळवण्याचे आणि गायनाचे वर्ग, बसू शकतं; त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची नोंदणी, हवी. परदेशातल्या मराठी माणसांकडून देणगी घेतानाही पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. ओसीआय कार्डधारकाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि ती घ्यायला संस्थेला एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) नोंदणी लागते.

मागण्याची पद्धतही वेगळी ठेवावी. देणगीसाठी एका पानाचं पत्र आणि घरी जाऊन भेट. प्रायोजकत्वासाठी दोन पानांचा प्रस्ताव: तारखा, सभागृहाची आसनं, आधीच्या वर्षी रोज किती लोक आले, कुठल्या कलाकार नक्की झाल्या आणि कुणाशी बोलणी चालू आहेत. मग देण्या-घेण्याचा तपशील. "योग्य प्रसिद्धी दिली जाईल" हे वाक्य भांडणाचं बी आहे. त्याऐवजी लिहा: सहा बाय अडीच फुटांच्या चार स्टँडी, दोन कलाकारांच्या मध्ये रोज तीन उल्लेख, पुढच्या रांगेतले दहा पास. रंगमंचाचा मागचा पडदा विकू नका. प्रत्येक फोटोत तो येतो आणि कलाकारांचा आक्षेप तिथेच असतो. तंबोरे जुळत असताना निवेदन नाही, हेही करारात असू द्या. एका सराफाला घेतलं की दुसरा घेणार की नाही, ते आधीच लिहा. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रायोजकत्वाला 2003च्या कायद्याने बंदी आहे, तो चेक परतच करायचा.

महोत्सव जानेवारीत असेल तर कंपन्यांकडे आदल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे त्यांचं पुढच्या आर्थिक वर्षाचं बजेट ठरण्याआधी जावं; दुकानदारांकडे गणपतीच्या आधी. निम्मी रक्कम सहीच्या वेळी आणि उरलेली महोत्सवाच्या आठवडाभर आधी घ्यावी. कंपनीत विक्रेता म्हणून नोंद होऊन पैसे सुटायला दीड-दोन महिने जाऊ शकतात, म्हणून पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक पहिल्याच भेटीत सोबत ठेवावा.